बोगद्यात न गेलेले पाणी

"आमच्या बोगद्यावर एक पाटकरी होते. स्वभावाने भोळे, डोक्याने थोडे सरकलेले. दिवसभर पाण्याशी गप्पा मारत आणि त्या गप्पा वहीत उतरवून ठेवत. पुढे सुनावणीच्या तोंडावर कोणीतरी त्यांच्याकडून जुन्या तारखा घालून वह्या भरून घेतल्या. त्या वह्यांवर कोणी विश्वास ठेवला नाही. तरी मोठ्या मनाने पाड्याला पाणी सोडण्यात आले. असे होते आमचे वेडे नाना."

हा मजकूर आमच्या भागातल्या पाणीवापर संस्थेच्या स्मरणिकेत यंदा छापून आला आहे. लेखक संस्थेचे सचिव. पूर्वी ते आमच्याच उपविभागात दप्तर कारकून होते आणि त्यांची टिपणे मी अनेकदा शेरा मारून परत पाठवली आहेत. हेही परत पाठवतो. सात वाक्यांपैकी पहिले तेवढे खरे आहे. बोगद्यावर एक पाटकरी होते. उरलेली सहा वाक्ये लिहिणाऱ्याने बोगद्याच्या तोंडापर्यंत चढण्याचे कष्ट एकदाही घेतले नव्हते. मी पाटबंधारे खात्याचा शाखाधिकारी म्हणून चार वर्षे घेतले, आणि आज माझे गुडघे त्याची साक्ष देतात.

ज्यांनी ती जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्यात एक नाला आहे. त्यावर कमरेइतक्या उंचीचा दगडी बंधारा, आणि बंधाऱ्याच्या उजव्या अंगाला, डोंगराच्या सोंडेत खोदलेला, माणूस वाकून चालेल एवढा बोगदा. अडलेले पाणी बोगद्यातून सोंडेच्या पलीकडे जाते आणि तिथून पाटाने खालच्या गावांच्या कापसाला, केळीला मिळते. बंधाऱ्याच्या मध्यभागी मात्र एक खाच ठेवलेली आहे. त्या खाचेतून पडणारे पाणी बोगद्याकडे न वळता जुन्या नाल्यानेच खाली, पावरा वस्तीच्या पाड्यावर जाते. बोगद्याच्या मंजुरीच्या कागदात एकच अट होती: जुन्या नाल्याचा चालू वापर अबाधित ठेवून उरलेले पाणी वळवावे. हा चालू वापर म्हणजे किती, हे त्या कागदात कोणी लिहिले नाही. पुढचा सगळा तंटा त्या न लिहिलेल्या आकड्याचा आहे.

नानांची नेमणूक बोगद्याच्या तोंडाशी होती. किती पाणी आत गेले ते रोज खात्याच्या नोंदवहीत चढवायचे, एवढेच त्यांचे काम. पुढे जे काही झाले ते त्यांनी एवढेच काम केले नाही म्हणून झाले.

आता त्या "पाण्याशी गप्पा". नाना खात्यात येण्यापूर्वी काही हंगाम एसटीत कंडक्टर होते, धुळे–शिरपूर फेरीवर. तिकिटाची पेटी परत गेली. थांबे मात्र जिभेवर राहिले. पाण्याची उंची वाचायची गेजपट्टी खात्याने दिली ती बोगद्याच्या तोंडाला. खाचेला पट्टी नव्हती, आणि घड्याळ तर आमच्या उपविभागात एकट्या साहेबांच्या मनगटावर होते. तेव्हा नानांनी खाचेच्या खाली नाल्याच्या काठावर दोन मोठे दगड रोवले. वरच्या दगडापाशी ते बांबूचे एक बोटभर पेर पाण्यात सोडत आणि त्याच्याबरोबर काठाने चालत थांबे म्हणू लागत: देवपूर, नगाव, देवभाने, सोनगीर, नरडाणा, सावळदे, शिरपूर. मधले फाटे आणि पूलसुद्धा गाळत नसत. प्रत्येक नाव एकाच लयीत, दुपारच्या गाडीतल्या कंटाळलेल्या कंडक्टरसारखे. पेर खालच्या दगडाला लागले की ज्या थांब्यावर जीभ असेल तो थांबा वहीत जायचा. पाण्याची खोली ते बांबूच्या टिपरावर बोटांनी मोजत. "चार बोटे, सोनगीर." अशी त्यांची नोंद असे. पाणी जोरात असले तर पेर नगावलाच उतरायचे. वैशाखात रडतखडत शिरपूरपर्यंत जायचे.

म्हणजे हे मोजमाप होते. ज्याला ते वेड वाटले त्याने एक तर ते लांबून ऐकले, नाहीतर ऐकलेल्याचे ऐकले. मी स्वतः नानांना विचारले होते, "आज पाणी कसे आहे?" ते गंभीरपणे म्हणाले, "सायेब, आज नरडानाले उतरनं." मी हसलो. माझ्या हसण्याचा राग न मानता त्यांनी ते पेर माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "तुम्ही सोडी देखा." मी सोडले. नरडाणाच.

दुसरी एक आवृत्ती जळगावात ऐकायला मिळते. तिथे माझे एक जुने सहकारी राहतात. पाइपच्या कारखान्याशी त्यांचा संबंध, त्यामुळे पाण्यावर बोलण्याचा आपल्यालाच अधिकार आहे असे ते समजतात. त्यांच्या मते पाड्यावरच्या लोकांनी नानांना कोंबड्या देऊन फितवले. या गृहस्थांना एवढेच सांगतो की नानांनी आयुष्यात अंडेसुद्धा खाल्ले नाही. ते कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून घरून आणत. अर्धी भाकरी मोजणीच्या आधी, अर्धी मोजणीनंतर. आधी पोटभर खाल्ले तर थांबे हळू म्हटले जातात आणि उपाशीपोटी म्हटले तर घाईने, असे त्यांचे म्हणणे होते. पाड्याने त्यांना दिलेली एकच वस्तू मला ठाऊक आहे. ती म्हणजे ते बांबूचे टिपरू, आणि तेही जुने मोडले तेव्हा.

स्वभावाने भोळे होते, हेही मला मान्य नाही. एकदा शिरपूरच्या स्टँडवर आम्ही दोघे एकाच गाडीसाठी उभे होतो. गाडी लागली आणि लोकांनी दाराशी झुंबड केली. नाना दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले.

"आधी उतरनाराले उतरू द्या, मंग चढा."

मागून कोणी तरी ओरडले, "नाना, आता तुमची पेटी गेली. तुम्ही कंडक्टर नाही राहिले."

"मी नही राहिनू. दरवाजा तोच शे."

आतली शेवटची म्हातारी पिशवी सांभाळत पायरी उतरेपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत. आम्हाला बसायला जागा मिळाली नाही. सोनगीरपर्यंत दांडीला लोंबकळत मी त्यांना या अव्यवहारीपणाबद्दल पुष्कळ बोललो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सायेब, पानीनंबी तेच शे. आधी पाडावर उतरू द्या, मंग बोगदामा चढू द्या." मंजुरीच्या कागदातल्या त्या अटीचा इतका स्वच्छ अर्थ आमच्या खात्यातल्या एकाही अधिकाऱ्याने लावलेला मी ऐकला नाही. मी स्वतःही त्याला अपवाद नव्हतो.

हे सांगताना खालच्या गावांवर मी अन्याय करू इच्छित नाही. पाटाच्या शेवटच्या टोकाला केळीचे खोड वाळताना पाहणे सोपे नसते, आणि तिथले शेतकरी काही दरोडेखोर नव्हेत. पण वर्षे जात होती तशी त्या खाचेत कोणी ना कोणी दगड बसवत होते. दोन दगड, मग चार, मग मातीची पोती. नाना सकाळी ते काढत. संध्याकाळपर्यंत पुन्हा बसत. तक्रार केली तर उत्तर येई, "नाल्याने पाणी जात होते याची नोंद कुठे आहे?" खात्याच्या नोंदवहीत रकाना एकच होता: बोगद्यातून वळवलेले पाणी. जे वळवले नाही त्याला रकाना नव्हता; ज्याला रकाना नाही ते पाणी कार्यालयाच्या दृष्टीने वाहिलेच नाही. ही चूक कोणी मुद्दाम केली नव्हती. ती फक्त आमच्यासारख्या कागदावर जगणाऱ्या लोकांच्याच हातून होऊ शकते.

नाना तो रकाना स्वतःच्या वहीत ठेवत होते. शाळेची साधी वही, वर पुठ्ठा शिवलेला. तपासणीला मी अचानक वर गेलो तेव्हा ती माझ्या दृष्टीस पडली. तो संवाद मला शब्दशः आठवतो.

"ही कसली वही?"

"नालाना पानीनी, सायेब."

"परवानगी कोणाची?"

"कोनीच नही."

"मग कशाला लिहिता?"

"जास ते बठ्ठा लिखतस, सायेब. राहस ते कोन लिखी?"

"कार्यालयाला हे लागत नाही."

"कार्यालयले नही लागस," ते म्हणाले. "पाडाले लागस."

मी तेव्हा तरुण होतो आणि उन्हात दोन तास चढून आलो होतो. या दोन्ही गोष्टी सबबी म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. हाताखालच्या माणसाने उत्तर द्यावे आणि ते बरोबर असावे, हे मला सहन होत नसे. मी त्यांना खडसावले, नियमाप्रमाणे जे करायचे ते केले आणि खाली उतरलो. थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. नानांनी वही बंद केली असेल असे मी अनेक वर्षे धरून चाललो.

आता ती सुनावणी, जिच्याविषयी सचिवमहाशयांनी डोळे मिटून लिहिले आहे. ते तेव्हा जळगावला मुलाकडे होते. खाच मोकळी ठेवावी या पाड्याच्या अर्जावर धुळ्यात ती झाली तेव्हा मी दालनात होतो. मी निवृत्त झालो होतो आणि खालच्या गावांच्या याच पाणीवापर संस्थेने मला जुना जाणकार म्हणून बोलावले होते. पहिल्या रांगेत बसवले होते. मला विचारले गेले तेव्हा मी सांगितले, "कार्यालयीन दप्तरात नाल्याच्या पाण्याची नोंद ठेवली जात नव्हती." हे वाक्य शब्दशः खरे आहे. त्यात मी एक शब्दही खोटा बोललो नाही, हे मी स्वतःला तेव्हापासून आजवर कितीदा बजावले याचा हिशोब माझ्याकडे नाही.

मग नाना उठले. ऐंशीच्या घरात पोहोचलेले, मे महिन्यात खाकी कोट, बगलेत खताच्या रिकाम्या गोणीत बांधलेल्या वह्या. पाड्याच्या पोलीस पाटील बाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी एक वही उघडली आणि मोठ्याने वाचले, "तीन बोटे, देवभाने. याचा अर्थ काय?"

नानांनी अर्थ सांगितला. दालनात हशा झाला. संस्थेचे वकील उठून म्हणाले, "म्हणजे नाल्याचे पाणी एसटीने जात होते, असे समजायचे का?"

"नही, वकील सायेब," नाना म्हणाले. "एसटी लेट व्हस."

या वेळी हशा वकिलांच्या बाजूने नव्हता. अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी मोबाईल काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "नाना, म्हणा बरे, धुळ्यापासून शिरपूरपर्यंत." नानांनी डोळे मिटले आणि म्हटले. बाईंनी वेळ टिपली. "पुन्हा." पुन्हा म्हटले. मग त्यांना पाणी प्यायला लावून, इकडचे तिकडचे चार प्रश्न विचारून, तिसऱ्यांदा. तिन्ही वेळचे आकडे त्यांनी वकिलांना दाखवले. वकिलांनी ते पाहिले, मोबाईल परत केला आणि चष्मा पुसत बसले. "त्या वह्यांवर कोणी विश्वास ठेवला नाही" हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने त्या वकिलांचा चेहरा पाहायला हवा होता.

परंतु एक प्रश्न उरला, आणि तो वकिलांनी बरोबर हेरला. "मोजमाप खरे असेल. पण या वह्या त्या वेळीच लिहिल्या, गेल्या महिन्यात बसून लिहिल्या नाहीत, हे कशावरून?"

नानांच्या हातात एक वही होती. सगळा वेळ त्यांचा अंगठा तिच्या एका पानात होता. बाईंनी विचारले, "नाना, याला काही पुरावा आहे?" नानांनी वहीकडे पाहिले. मग मान वर करून पहिल्या रांगेकडे पाहिले. अंगठा पानातून बाहेर आला आणि वही मिटली.

"बाई, तुम्ही वर या," ते म्हणाले. "खाच आजूनबी शे."

बाई वर गेल्या. खाच पाहिली, पोती काढायला लावली, खालचे दोन दगड पाहिले, पाड्यावरची वालाची आणि भाताची जुनी खाचरे पाहिली. महिन्याभरात निकाल आला: खाच मोकळी ठेवावी, आधी नाल्याला, उरलेले बोगद्याला. नाना जिंकले. पण निकालाच्या शेवटी कारण दिले होते ते असे, की वह्यांचा काळ सिद्ध होत नसला तरी पाड्याच्या गरजेचा सहानुभूतीपूर्वक विचार करून ही सवलत देण्यात येत आहे. सवलत. हक्क हा शब्द त्या कागदात कुठेही नाही. सचिवांचे "मोठे मन" जन्मले ते याच एका ओळीतून.

सुनावणीच्या दिवशी संध्याकाळी मी नानांना धुळ्याच्या स्टँडवर गाठले. शिरपूर गाडीची वाट पाहत ते बाकावर बसले होते, फडक्यातली उरलेली अर्धी भाकरी खात होते. मी उभ्यानेच विचारले, "नाना, ते पान का दाखवले नाही?"

त्यांनी मला बसायला जागा केली. नोकरीत असताना ते मला साहेब म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा भाऊ म्हणाले.

"कसं दखाडू, भाऊ? तुम्ही तठे बठेल व्हतात."

"पाड्याचे नुकसान झाले असते तर?"

"खाच दखाडी दिन्ही ना." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "पान कोठे जास? राही."

गाडी लागली. नाना दाराशी उभे राहिले आणि सगळे उतरेपर्यंत चढले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. त्यानंतर काही दिवसांनी पोलीस पाटील बाई धुळ्याला, देवपुरातल्या माझ्या घरी आल्या. खताची तीच गोणी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मी विचारले, "या माझ्याकडे कशाला?"

"नानांनी सांगितलं होतं, साहेबांकडे द्या. त्यांना वाटेल तेव्हा ते दाखवतील."

"आणि मला वाटलेच नाही तर?"

"हे मी पण विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "नाना म्हणाले, वाटेल. घाई करू नका."

मी त्यांना चहा दिला आणि वरची हालहवाल विचारली. निकालानंतर खाचेला खात्याने गेजपट्टी बसवून दिली आहे. रोजची नोंद आता बाई स्वतः घेतात, पट्टीचा फोटो मोबाईलवर काढून ठेवतात. पाण्याच्या भरवशावर पाड्यात दुसरे पीक निघू लागले आहे, आणि यंदा दोन घरे ऊसतोडीला गेली नाहीत. मी म्हणालो, "मग आता पेर सोडायची गरज नाही."

"सोडतो की," त्या म्हणाल्या. "पट्टी वाचतो आणि पेर पण सोडतो. कालचं पाणी सोनगीर होतं."

"तुम्ही धुळ्याला कितीदा आलात?"

"आजची धरून तीनदा. पण थांबे पाड्यातल्या सगळ्यांना पाठ आहेत. लग्नात बायका गाण्यात घालतात."

मग त्यांनी येण्याचे खरे कारण सांगितले. संस्थेच्या नव्या मंडळाने फेरविचाराचा अर्ज दिला आहे. त्यांचे म्हणणे असे, की सवलत होती, ती दिली, आता परिस्थिती बदलली, ती काढून घ्यावी. जी सवलत म्हणून दिली जाते ती काढूनही घेता येते. हक्काचे तसे नसते. अर्जासोबत पुरावा म्हणून ही स्मरणिका जोडली आहे, त्या वेड्या नानांसकट. पुढच्या महिन्यात पुन्हा सुनावणी आहे, आणि या वेळी मला कोणत्याही संस्थेने बोलावलेले नाही. मी पाड्याच्या बाजूने जाणार आहे. पहिल्या रांगेतच बसणार आहे, आणि वही माझ्या हातात असणार आहे.

तिथे दाखवण्यापूर्वी ते पान इथे छापील स्वरूपात नमूद करतो, म्हणजे कोणाला अंगठा घालून ठेवायची वेळ येऊ नये. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात एका दिवशीची नोंद आहे: पाच बोटे, सोनगीर. खालच्या अर्ध्या भागात दुसऱ्या दिवशीच्या सकाळची: पाच बोटे, सोनगीर. या दोन नोंदींच्या मध्ये, लाल शाईत, त्या दिवसाची तारीख घालून, शाखाधिकाऱ्याच्या शिक्क्यासह एक शेरा आहे. "वही तपासली. नाल्याच्या पाण्याची ही नोंद अनावश्यक आहे. तात्काळ बंद करावी." त्या शेऱ्याखालची सही माझी आहे.